नाही म्हणायची तालीम

“नाही म्हणून दाखव,” असं म्हणत बाई समोरच्या पोराच्या नाकाखाली खर्र्याची पन्नी धरायच्या. पोरगा हसत हसत “नाही” म्हणाला की पन्नी आणखी जवळ यायची. “आणखी एकदा. मान वर.” पोरगा हसू दाबून, मान वर करून पुन्हा “नाही” म्हणायचा. मग बाई पन्नी सोडून त्यातली चिमूटभर बडीशेप स्वतःच्या तोंडात टाकायच्या, कारण त्या पन्नीत तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा कधीच नसायचा.

आमच्या तिरोड्यातल्या लहानशा चर्चमध्ये दर रविवारी उपासना आटोपली की मागच्या टिनाच्या खोलीत हा प्रकार चालायचा. मी चर्चच्या कमिटीचा सचिव. सचिव म्हणजे सतरंज्या घडी करून ठेवणारा आणि बंद पंख्याची तक्रार वहीत लिहिणारा माणूस. पण पद ते पद. त्या तोऱ्यात मी खिडकीशी उभा राहून हा तमाशा पाहायचो आणि घरी येऊन बायकोला त्याची नक्कल करून दाखवायचो. मला बाईंची कीव येते, असं मी तेव्हा म्हणत असे. कीव कसली, मी त्यांना चक्क तुच्छ समजत होतो.

बाई चिचगडकडच्या जंगलातल्या शाळेत सारा जन्म पहिलीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. ठेंगणी, काटकुळी बाई, कडक खळ केलेली सुती साडी, आणि आवाज असा की दोन खोल्यांपलीकडचं पोर आपोआप ओळीत उभं राहावं. चर्चमधली सातवी-आठवी ते बारावीची दहा-बारा पोरं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. कोणी सांगितलं नव्हतं. शाळा-कॉलेजात गेली की ही पोरं दोस्तांच्या नादानं श्रद्धा गुंडाळून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर त्यांचा इलाज म्हणजे तालीम. पहिलीच्या पोराकडून जसे पाढे घोटून घ्यायचे तसं यांच्याकडून ‘नाही’ घोटून घ्यायचं.

त्यासाठी त्यांच्याकडे एक निळी कापडी पिशवी होती. पोरं तिला सैतानाची पिशवी म्हणत. तिच्यात ती पन्नी, कागदाच्या सुरळीत बसवलेला खडू म्हणजे सिगारेट, कोरा चहा भरलेली चपटी बाटली, बंद पडलेला एक मोबाईल आणि लाल रुमाल. रुमाल गळ्यात बांधला की बाई वाईट संगतीचा दोस्त व्हायच्या.

आता तुम्हाला सांगायला नको, आमचा भाग नाटकवेडा. धान निघालं की गावोगावी नाटकं लागतात, आणि खलनायक कसा आत येतो, कसा बोलतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. अशा जाणकारांपुढे ही साठी उलटलेली बाई गळ्यात लाल रुमाल बांधून, ‘ओळीत उभे राहा’ म्हणावं तशा आवाजात म्हणायची, “चाल बे दोस्ता, एक घोट मार. कोनी पाहून नाही राहिलं.”

पोरं पोट धरून हसायची. दहावीतला सुमित एकदा म्हणाला, “बाई, वाईट पोट्टा असा नाही राहत.”

“मंग कसा राहते?”

“लय गोड बोलते तो. खांद्यावर हात टाकते.”

पुढच्या रविवारी बाईंनी गोड बोलून पाहिलं. ते इतकं भयंकर झालं की सुमितनंच हात जोडले आणि म्हणाला, “बाई, पहिलेचंच बरं होतं.”

त्यांचे नियम मात्र ठरलेले होते. नाही म्हटल्यावर उपदेश करायचा नाही. समोरच्याला पापी म्हणायचं नाही. आणि नाही म्हणून पळून जायचं नाही. एखादा पोरगा तालमीत नाही म्हणून मागे सरकला की त्या त्याच्या शर्टाला धरून परत बसवायच्या. “पळून कायले राहिला? दोस्त होय ना तुझा? बस त्याच्यापाशी. तो खर्रा खाईन, तू शेंगदाणे खाय.” हे ऐकून कमिटीतल्या म्हाताऱ्यांच्या भुवया वर जायच्या. वाईट संगत सोडा, असं सांगायचं सोडून ही बाई संगतीत बसायला शिकवते म्हणजे काय.

त्यावर मी कमिटीपुढे एक तोडगा मांडला होता. मुलांकडून छापील प्रतिज्ञापत्र भरून घ्यावं, खाली सही घ्यावी, आणि सगळी पत्रं फ्रेम करून भिंतीवर लावावीत. माझ्या कारकुनी डोक्यातून दुसरं काय निघणार? बाईंनी तो नमुना हातात घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि मला परत दिला. म्हणाल्या, “सही तर रेशनच्या कागदावर बी करतेत पोट्टे. पण खर्रा पुढे आला का कागद कुठं शोधत बसतीन?” सगळे हसले. मी त्या दिवसापासून त्यांच्यावर डूख धरून होतो, हे इथे कबूल करतो.

एकदा एक पोरगा रडवेला होऊन आला. वर्गातले त्याला चावलवाला म्हणत होते. तुझ्या आजाला तांदळाची गोणी दिली म्हणून तो बाटला, असं म्हणून डबा खाताना रोज टोमणे मारत. पोराचं म्हणणं, आता मी डबाच नेत नाही. मी खिडकीत होतो. मला वाटलं, आता बाई धीराचं, सहनशीलतेचं काही सांगतील. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तोच गुन्हेगार आहे.

“गोंदिया जिल्ह्यात कोनी तांदूळ देऊन मानूस फोडून राहिला?” त्या म्हणाल्या. “अरे, इथं फुकट गोणी नेऊन टाकली तरी घरधनी पहिले विचारते, तांदूळ एचएमटी होय का चिन्नोर होय म्हणून. हे त्यायले सांग आणि डबा उघड. भातच हाये ना डब्यात? त्यायच्या डब्यात का पुरणपोळी राहते रोज?”

पोरानं दुसऱ्या दिवशी हे जसंच्या तसं सांगितलं म्हणे. सगळा बाक हसला, टोमणे मारणाराही हसला, कारण त्याच्याही डब्यात भात आणि वांग्याची भाजीच होती. टोमणे अगदी थांबले असं नाही, पण पोरगा डबा नेऊ लागला. मी हे कमिटीत सांगताना मात्र बाईंचं नाव गाळून सांगितलं.

बाईंची विद्या सगळ्यांना लागायची असंही नाही. तो सुमित, तालमीतला सगळ्यात हुशार, मान वर करून खणखणीत नाही म्हणणारा, त्याला मी स्वतः बसस्टँडमागे खर्रा घोटताना पाहिला. मला कोण आनंद झाला. मी सायकलवरून उतरलो नाही, त्याला हटकलंही नाही, थेट बाईंच्या खोलीवर गेलो आणि बातमी दिली. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पिशवी उचलली आणि निघाल्या. मीही मागोमाग गेलो. तमाशा मला सोडवत नव्हता.

सुमित बाकावर होता. बाईंना पाहून तो उठला. बाई म्हणाल्या, “थुंकून ये. मंग बस.” तो थुंकून आला. बाईंनी पन्नी काढली, बडीशेप त्याच्या तळहातावर ठेवली, स्वतःच्याही तोंडात टाकली, आणि दोघं बाकावर शेजारी बसून राहिली. दोन बस आल्या, गेल्या. शेवटी सुमितच म्हणाला, “बाई, तुमच्यापुढे नाही म्हणता येते. त्यायच्यापुढे नाही येत.”

“मले माहीत हाये,” बाई म्हणाल्या. “मी वाईट पोट्टा बराबर करून नाही राहिली. अजून शिकतो मी.”

मी तिथून परतलो आणि बायकोला सांगितलं की बाईंची पद्धत फसली, त्यांनी स्वतःच कबूल केलं. बायको म्हणाली, “मग पोरगा आता खातो का?” ते मी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी तो तालमीला पहिला आला होता.

आता प्रीतीचं सांगतो. प्रीती माझी मुलगी, तेव्हा अकरावीला, गोंदियाच्या कॉलेजात. रोज एसटीनं जायची-यायची. बाईंच्या तालमीत ती पहिल्यापासून होती आणि खर्रा, सिगारेट, बाटली या गोष्टींना तिनं कधी हिंग लावूनही विचारलं नसतं, त्यामुळे माझी पोरगी पास झाली असं मी समजून चाललो होतो. कॉलेजात तिला चार मैत्रिणी मिळाल्या होत्या. चांगल्या घरच्या, अभ्यासू, हसऱ्या. डबे वाटून खायच्या, एकमेकींच्या वह्या पुऱ्या करायच्या. अशा मुलींपासून कसला धोका?

एका रविवारी या चौघी कुणाच्या तरी साखरपुड्याला तिरोड्यात आल्या आणि न सांगता आमच्या घरी टपकल्या. उपासना आटोपून मी घरी आलो होतो. बायको माहेरी होती, प्रीती मागे तालमीला थांबली होती. खिडकीतून मला फाटकाशी चार अनोळखी मुली दिसल्या, आणि मी ते केलं जे मी घरी कोणी बाहेरचं आलं की नेहमी करायचो.

आमच्या बैठकीत दारासमोर बायबलमधल्या वचनाची एक पाटी होती. काळं लाकूड, त्यावर सोनेरी अक्षरं, सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. माझ्या सरकारी ऑफिसातलं कोणी घरी येणार असलं की मी ती पाटी काढून दिवाणाखाली सारायचो आणि खिळ्याला कृषी केंद्राचं कॅलेंडर लावायचो. पाहुणे गेले की पुन्हा पाटी वर. हे काम मी इतकी वर्षं करत होतो की हात आपोआप चालायचे. बायकोनं त्यावर बोलणं सोडून दिलं होतं. तुम्ही विचाराल, ऑफिसात कोणी छळत होतं का? अजिबात नाही. मला कधी कोणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. कोणी काही म्हणण्याआधीच मी भिऊन ठेवलं होतं.

तर पाटी दिवाणाखाली गेली, कॅलेंडर लागलं, दार उघडलं. चौघी आत आल्या, नमस्कार करून बसल्या. एकजण म्हणाली, “अंकल, प्रीती आली नाही का अजून? संडेला तिची मॅथ्सची ट्यूशन राहते ना बारा बजे तक?”

मला क्षणात सगळं कळलं. पोरीनं मैत्रिणींना चर्चचं सांगितलंच नव्हतं. दर रविवारी ती गणिताच्या शिकवणीला जात होती. मला राग यायला हवा होता, निदान धक्का तरी बसायला हवा होता. मी काय केलं असेल? मी म्हणालो, “हो, ट्यूशनला गेली. येईल एवढ्यात.” आणि चहा ठेवायला आत गेलो.

प्रीती आली ती बाईंना घेऊनच. ऊन फार होतं, घरी पाणी पिऊन जा, असं तिनंच त्यांना म्हटलेलं. दारात पाऊल टाकलं आणि समोर चौघी. “क्या मॅडम, कैसी रही ट्यूशन?” प्रीतीनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे हातात धरून उभा होतो. मी मान हलवली, म्हणजे मी सांभाळलं आहे, तू चालव. ती म्हणाली, “अच्छी थी.”

“आणि या तुझ्या टीचर?”

प्रीती पुन्हा माझ्याकडे पाहू लागली. बाई मात्र खुर्चीवर बसत शांतपणे म्हणाल्या, “हो, मी शिकवतो. पण येऊन नाही राहिलं अजून कोनाले.” मुली हसल्या. प्रीती हसली नाही.

मुली चहा पिऊन, फोटो काढून गेल्या. प्रीती स्वयंपाकघरात जाऊन कपबशा उगाच आपटू लागली. आता बाई तिला झापणार, आणि बापापुढे पोरीची शोभा होणार, म्हणून मी घसा साफ करून तयारीत बसलो. बाई भिंतीकडे पाहत होत्या. कॅलेंडरपेक्षा पाटी मोठी होती, त्यामुळे चुन्यावर तिचा पांढरा चौकोन चारही बाजूंनी दिसत होता. हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“त्या खिळ्यावर काय राहते?” बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, “पाटी आहे. साफ करायला काढली.”

बाईंनी वाकून दिवाणाखाली पाहिलं. मग पिशवीतून लाल रुमाल काढला, पण गळ्यात न बांधता खांद्यावर टाकला, माझ्या टेबलावरची एक फाईल काखेत मारली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “उभे राहा,” त्या मला म्हणाल्या. मीही मुकाट्यानं उभा राहिलो. पहिलीतला आवाज होता तो.

“काय बाबूजी,” बाई म्हणाल्या, आणि मला कळलं की त्या माझ्या ऑफिसातला माणूस झाल्या आहेत. “रविवारी फोन काऊन नाही उचलत जी तुम्ही? कुठं राहता?”

“बाई, हे पोरांसाठी ठेवा,” मी म्हणालो.

“क्रिश्चन होय का तुम्ही?” त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढचं विचारलं, आणि मग स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, “हो म्हणून दाखवा.”

किती सोपं होतं. घर माझं, दार बंद, समोर एक निवृत्त मास्तरीण काखेत फाईल धरून. माझ्या नोकरीला धोका नाही, पेन्शनला धोका नाही. स्वयंपाकघराच्या दारात प्रीती येऊन उभी राहिली होती, हातात ओली बशी. मी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द निघाला नाही. मी चिडलो. मी म्हणालो, तुम्हाला सरकारी नोकरीतलं काय कळतं, माणसाला दहा ठिकाणी जुळवून घ्यावं लागतं, तुमचं आपलं एकटं बरं आहे. नको ते बोललो.

बाईंनी फाईल टेबलावर सरळ ठेवली, रुमाल घडी करून पिशवीत टाकला. जाताना प्रीतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “पोरगी नापास नाही झाली. जे घरी पाठ केलं ते तिनं बराबर म्हणून दाखवलं.”

इतक्या वर्षांत मला कोणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. मी पाटी बाहेर काढली. पण लावली कुठे, ऐका. आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला. बैठकीत कॅलेंडरच राहिलं. माझ्यात सुधारणा झाली ती इतकीच.

प्रीतीनं मात्र महिन्याभरात काम उरकलं. मैत्रिणींनी रविवारी सकाळी चोरखमाऱ्याच्या तलावावर जायचं ठरवलं होतं. तिनं कॉलेजच्या कट्ट्यावर सांगितलं की मी बारानंतर येते, सकाळी चर्च असतं, ट्यूशन वगैरे काही नसते, मी खोटं बोलत होते. आणि ती उठून गेली नाही, तिथेच बसून राहिली. हे तिनं घरी येऊन सांगितलं.

“मग?” मी विचारलं.

दोघी म्हणाल्या, पहिले सांगायचं ना, नाताळचा केक बुडवला तू आमचा. तिसरीनं विचारलं की चर्चमध्ये नक्की करतात काय. चौथी, जी हिची सगळ्यात जवळची, ती काही बोलली नाही. खोटं बोललीस हे लागलं की चर्च लागलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती एसटीत वेगळ्या सीटवर बसू लागली आणि मग तशीच बसत राहिली. प्रीती आठ दिवस जेवली नाही धड. रविवारी बाईंना तिनं विचारलं, “बाई, तिचं काय करू?”

“तिच्या बाजूची सीट खाली ठेवते का ती?” बाईंनी विचारलं.

“नाही. बॅग ठेवते.”

“मंग मागच्या सीटवर बस. पळू नोको.” यापलीकडे बाईंकडे इलाज नव्हता, आणि तो आहे असा आवही त्यांनी आणला नाही. प्रीती वर्षभर मागच्या सीटवर बसली. बॅग काही उचलली गेली नाही.

बाई गेल्या त्या ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत, एका मंगळवारी. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजारणीनं पाहिलं तर झोपेतच संपल्या होत्या. मी ऑफिसात होतो. प्रीतीचा फोन आला, चार वाजता माती आहे, या. मी फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरचे बाबू भला माणूस, लगेच उठून आले. “काय झालं जी? कोन गेलं?”

बघा, नेमका बाईंच्या तालमीतलाच प्रसंग. काखेत फाईलसुद्धा होती त्यांच्या.

मी म्हणालो, “शेजारच्या एक बाई होत्या.”

“बापा. जा तुम्ही, जा. मी पाहतो इकडचं. शेजाऱ्यानं नाही जायचं त मंग कोनी जायचं.”

बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. माझ्या शेजारी त्या कधीच राहत नव्हत्या. रजेच्या अर्जावर मी ‘घरगुती कारण’ लिहिलं, जसं आजवर प्रत्येक वेळी लिहीत आलो, आणि बाहेर पडलो.

मातीला फार माणसं नव्हती. निम्मं गाव धानाच्या बांधीत वाकलेलं. पण बाईंची पोरं सगळी होती. सुमित आता कामाला लागलेला, तो चिखलानं भरलेल्या पायांनी तसाच आला होता आणि खांदा द्यायला सगळ्यात पुढे होता. प्रीतीच्या तिघी मैत्रिणी गोंदियाहून आल्या, डोक्यावर ओढण्या घेऊन मागे उभ्या राहिल्या. एकीनं मला हळूच विचारलं, “अंकल, आम्ही माती टाकली तर चालते ना?” मी हो म्हणालो. तेवढं हो मला म्हणता आलं.

बाईंची भाची चिचगडहून आली होती. खोली आवरताना तिनं ती निळी पिशवी प्रीतीच्या हातात दिली. “हे काय जमा करून ठेवलं होतं मावशीनं, समजून नाही राहिलं. खडू, बडीशेप, फुटका मोबाईल. तुम्हालेच माहीत असन.”

संध्याकाळी आम्ही घरी आलो. बायकोनं चहा केला. प्रीती पिशवी मांडीवर घेऊन दिवाणावर बसली होती. तिनं विचारलं, “बाबा, ऑफिसात काय सांगितलं तुम्ही? कोण गेलं म्हणून?”

मी खोटं बोलू शकलो असतो, मला सवय होती. पण त्या दिवशी नाही जमलं. “शेजारच्या बाई म्हणून सांगितलं,” मी म्हणालो.

बायको कप घेऊन आत गेली. प्रीती उठली. तिनं पिशवीतून लाल रुमाल काढून खांद्यावर टाकला. फाईल शोधायला इकडेतिकडे पाहिलं, मग भिंतीवरचं कृषी केंद्राचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं आणि काखेत मारलं. खिळा उघडा पडला, आणि त्याच्याभोवतीचा तो पांढरा चौकोन. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि अभिनय बाईंपेक्षाही वाईट.

“काय बाबूजी,” उद्याचा ऑफिसातला बाबू होऊन ती म्हणाली, “काल कुठं गेले होते जी? कोन होती ती बाई?”

मी उभा राहिलो. आधी खोकला आला. मग मी चपलांकडे पाहत म्हणालो, “आमच्या चर्चच्या बाई होत्या.”

प्रीती जागची हलली नाही.

“आणखी एकदा,” ती म्हणाली. “मान वर.”